बस काऊन येत नाई

"हॅलो? … हॅलो, मोनाली? … हो, ऐकू येऊन राह्यलं. बोल… नाई, थांब, मीच बोलतो. तुहा गेम बिघडला."

मोबाईल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून मीराबाई जुन्या लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. पडद्यावर बस स्टँड होतं आणि त्यात दोन बाहुल्या, एक आई आणि एक पोरगी.

"बिघडला म्हंजे… अवं, बसच येत नाई. … हो, स्टँडवरच आहे. पोरगी बॅग घेऊन उभी, मी तिच्याजवळ. मी म्हंजे ते आई. निळ्या साडीवाली. माह्याजवळ निळी साडी नाई, हे अलग. … नाई, तिथपर्यंत सगळं बरोबर चाललं. सैपाक केला, भांडे घासले. शेजारची सीताबाई घडोघडी येऊन बसली, दार न वाजवता. ते बाकी हुबेहूब केली तू. … अक्षरं सुधर मातर. काना एकीकडं, मात्रा दुसरीकडं. माह्या अंगनवाडीतले लेकरं बी याच्याहून बरं गिरवतात. … गेमच्या इंजिनाचा घोळ? … इथं बस येऊन नाई राह्यली अन् तू इंजिनाचं काय सांगतं!"

मोनाली वर्ध्याला खोली करून राहत होती आणि दोन मैत्रिणींसोबत हा गेम बनवत होती. एक घर, त्यातली माणसं. त्यांना जेवू घालायचं, झोपवायचं, बोलतं करायचं, म्हणजे गोष्ट पुढे सरकते. माणसांच्या डोक्यावर पट्ट्या: भूक, झोप, मन. 'आई, शेवटपर्यंत खेळून सांग,' म्हणून तिने तो आष्टीला घरी पाठवला होता. आणि त्याच्या दोनच दिवस आधी बंगलोरच्या एका गेम कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. उत्तर आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. बाबांनी, म्हणजे प्रेमदासांनी, 'आईले विचार' म्हणून अंग काढून घेतलं. आई अजून काही बोलली नव्हती.

"कोनतं बटन? … दोनच तं देल्ले तू. 'थांब' अन् 'जा'. … थांब दाबलं. … हो, पुन्हा बी तेच. सकाळपासून तेच दाबून राह्यली. … दाबलं का पोरगी बाकावर बसते अन् तिच्या मनाची पट्टी उतरते. … आता? आता लाल झाली. मंग मी तिले जेवू घातलं. डब्यातली पातोडी देल्ली. भुकेची पट्टी टम्म! अन् मन जिथल्या तिथं. … पुन्हा जेवू घातलं. … अवं, आता ते पोट्टी ढेकरं देऊन राह्यली, पन मन काई चढत नाई. असा कुठं गेम असते का?"

"…हो. हो, हो… अवं ऐक नं. दुसरं बटन दिसते मले. आंधळी नाई मी."

"…नाई दाबनार."

"काऊन म्हंजे? 'जा' कोनी म्हनते का? 'जा' आपन बकरीले म्हनतो. दारातल्या कुत्र्याले म्हनतो. आपल्या मानसाले स्टँडवर उभं राहून 'जा' म्हनत असते का कोनी? … लोकाइले समजो का नोको समजो! आईच्या तोंडी घातलं नं तू? मंग आई काय म्हनते, ते आईले विचाराचं."

"…आता नोकरी कुठून आनली मधात? मी गेमचं विचारून राह्यली. … मोनाली. मी गेमचं विचारून राह्यली."

मागे प्रेमदास खाकरले. मीराबाईंनी मान न वळवता हात झटकला.

"बाबाचं नोको सांगू. त्याइले तू गेममदी पेपर देऊन खुर्चीत बसवलं, ते खुश आहेत. मले विचाराचं सोडून… बरं, विचारलं. हो. पयले मलेच विचारलं. मी म्हटलं बाजार आटपू दे. … आटपला नं. … मंग सर्व्हे होता अंगनवाडीचा. … तो बी झाला, हो. … अवं ओरडू नोको, कान आहे का काय आहे! मी कुठं धरून ठेवलं तुले? …"

"… थांब दाबलं. हो. गेममदी दाबलं."

पडद्यावरची पोरगी बाकावर बसून ढेकर देत होती. बॅग तिने मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

"काय? … बदलवतं? आत्ता? … नाई, तशी घाई नाई काई… काय लिवतं मंग? … हो. जानाऱ्याले तेच म्हनतेत आपल्यात. … टकटक ऐकू येऊन राह्यली मले. बदलवलं बी का?"

मीराबाईंना वाटलं होतं, या एका शब्दावर निदान संध्याकाळपर्यंत भांडता येईल.

"बंद करून पुन्हा उघडू? … गोल फिरून राह्यलं… फिरूनच राह्यलं. नेट जाते का काय… नाई. आलं."

दुसऱ्या बटनावर नवा शब्द होता. मात्रा ज वरून घसरून बाजूला लोंबत होती. तरी वाचता येत होतं. येजो.

"मात्रा लोंबली तुही. … वाचता येते. … येते म्हटलं नं वाचता! … दाबतो. तू गप्प राह्य जराशी."

त्यांनी दाबलं. बस आली. लाल, चौकोनी, आवाज न करता. पोरगी चढली. तिच्या मनाची पट्टी भरत भरत हिरवी झाली आणि बससोबत पडद्याबाहेर गेली. निळ्या साडीतली आई स्टँडवर उभी राहिली.

"गेली. … हो, पट्टी भरली. … चांगला आहे. … नाई, चांगला आहे म्हटलं नं. … एक सांग. हे आई आता एकटी उभी आहे. हिची भूक दिसते, झोप दिसते. मन कुठं आहे हिचं? … नाई, लपलं नाई. पट्टीच नाई. मी वर-खाली सगळं पाह्यलं. बाबाले आहे. सीताबाईले बी आहे वं! चहा पेली का चढते तिची! अन् आईले…"

"…"

"विसरली म्हनते! तेच मी कवाची सांगून राह्यली, गेम बिघडला, गेम बिघडला, तं तू मलेच बटनं शिकवून राह्यली!"

"…मोनाली? … रडाचं काय त्यात. गेम आहे. … रडू नोको म्हटलं नं. लावून दे एक पट्टी. … अवं, आता नोको! आता त्याच्यात नोको बसू. दिवस चालला, त्या लोकाइले उत्तर कोन लिवन, मी? … पट्टी मंग लावजो. तिथं गेल्यावर. … तिथं म्हंजे तिथं. बंगलोरले. … हो. … हो म्हटलं नं व, आता काय सही करून देऊ? … अन् मात्रा सुधरजो. … ठेव आता. … तू ठेव पयले. … बरं. मीच ठेवतो."

फोन ठेवायला एकच बटन होतं. लाल. त्याच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मीराबाईंनी ते दाबलं.