पास्कूला आत नेताना

सिसिल : सगलं नका काढू. नुसती मदली वाट मोकली करा. शवपेटी जाईल एवढी.

शशिकांत : सिसिलताई, ते टेकू आहेत. चर्चच्या छताच्या तुळया वाळवीने आतून पोखरल्यात. एक टेकू हलला तर सगळं छत खाली येईल. मागच्या आठवड्यात आमच्या कामावरच्या सुभाषच्या डोक्यात फळी पडली, तो अजून हॉस्पिटलमध्येच आहे. कामाचा ठेकेदार म्हणून पब्लिकला मी आत कसा सोडू?

सिसिल : पब्लिक कोन येतंय? बापूस काल गेला, तवापास्नं आमच्या दारात गावचं एक मानूस आलं न्हाय.

शशिकांत : कोणीच नाही? पास्कूकाका तर आयुष्यभर या चर्चची घंटा वाजवायचे ना?

सिसिल : वाजवली ना. पन चर्चच्या कमिटीत गावाकडून त्योच व्हता. मोरव्याची आमची पॅरिश, म्हंजे चर्चची मंडली, आन् जेसल पार्ककडची, दोन्ही एक करायच्या ठरल्या तवा गाव बोललं, न्हाय. आमची प्रार्थना मराठीतली, त्यांची इंग्लिशमदली. आमच्या चर्चमदली भिंत तोडून त्यांना बसायला जागा करायची, आल्तार, म्हंजे पुढली वेदी, मागं सरकवायची, कोनाला पटलं न्हाय. बापूस बोलला, एक झालो तरच पैसा जमेल, चर्चचं काम होईल, न्हायतर छप्पर पडेल. आन् हो बोलून आला. तवापास्नं त्याच्याशी कोन बोलत न्हाय.

शशिकांत : भाऊ आहे ना तुम्हाला?

सिसिल : जहाजावर हाय. त्याला यायला न्हाय जमत. आज संध्याकाली पुरायचं. खांद्याला चार मानसं पाह्यजेत म्हनून मी घरोघर फिरले. आंतोनकडं गेले, बापसाचा लहानपनचा दोस्त. त्यो दारातनंच बोलला, "त्याच्या नव्या पॅरिशवाल्यांना बोलाव." तिकडं बी गेले. ती मानसं चांगली हायेत, गाडी पाठवतो बोलले, आमच्या हॉलमदी आना. पन बापूस तिकडं एकदा बी गेला न्हवता, शशिकांतभाऊ.

शशिकांत : आणि फादर काय म्हणाले?

सिसिल : फादर बोलले, मिस्सेची प्रार्थना पटांगनात करू, मंडप घालून. आत कामगारांबिगर कोन जायचं न्हाय, असं तुमीच त्यांना सांगितलंय.

शशिकांत : हो, मीच सांगितलं. आणि आता कोणासाठी ते मोडलं तर उद्या मलाच जाब द्यावा लागेल.

सिसिल : मी तुमच्या पाया पडते. या छपरापायी त्यानं गाव घालवलं. त्याच्याखाली एकदा न्या त्याला. एक 'आमच्या बापा'ची प्रार्थना बोलून होईल, एवढाच वेल.

शशिकांत : उठा, उठा ताई, असं करू नका. काकांबद्दल मला वाईट वाटतंय, पण नाही जमणार.

धाकू : सायेब, मी बोलू का?

शशिकांत : हा धाकू, आमचा मुकादम. बोल रे.

धाकू : बाय, म्हातारा रोज दुपारचा आमच्यात जेवायचा.

सिसिल : तुमच्यात? मला वाटायचं, फादरसंगं जेवतो.

धाकू : न्हाय. आमच्यासंगं, तिथं रेतीच्या ढिगापाशी. डब्यातली सुकी मासळी आमाला वाढायचा, आमची भाकर घ्यायचा. एकदा म्हनला, घरी गेलो की लेक ईचारते, आज कोन बोललं का. खोटं सांगवत न्हाय. हितं बसलो की निदान खरं सांगता येतं, व्हय, बोलले.

सिसिल : मी ईचारायचे खरं. रोजच ईचारायचे. कशाला ईचारायचे मी?

धाकू : सायेब, आत कामगारच जायचे ना? मग आमी नेतो त्यास्नी. चौघं हाव. पाय कुठं टाकायचा ते आमाला ठावं हाय.

शशिकांत : ताई, ही माणसं ख्रिश्चन नाहीत. तुमच्यात चालेल का? गाव आणखी बोलेल.

सिसिल : गाव बोललं तर बरंच हाय.

शशिकांत : थांबा. फादरना फोन लावतो.

(शशिकांत बाजूला जाऊन मोबाईलवर बोलतो आणि परत येतो.)

शशिकांत : फादर म्हणाले, छताची जबाबदारी तुमची, तुम्हीच ठरवा. घेतो मी जबाबदारी. पण ताई, तुम्ही आत यायचं नाही. दारातच उभं राहायचं.

सिसिल : बापूस माजा, आन् मी दारात?

शशिकांत : हो. काही झालं तर तुमच्या भावाला मी काय सांगू? एवढं माझं ऐका.

सिसिल : बरं. ऱ्हाते उभी.

धाकू : बाय, आल्तारीपुढं ठेवल्यावर आमी काय बोलायचं असतं?

सिसिल : काय न्हाय बोलायचं. जरा थांबा त्याच्याजवल. घाय करू नका.