डेलेनींची गाय आणि आमचे बाबा

…आणि पाऊस पडतोय, माझा मुलगा ध्रुव मागच्या सीटवर कुरकुरतोय, मी ब्लँचर्डस्टाउनहून सव्वा तास गाडी हाकतेय, आणि कशासाठी? तर गाय बघायला! तुम्हाला सांगते, आमचे बाबा संगमनेरला तीस वर्षं गुरांचे डॉक्टर. जन्म गेला गाई बघण्यात. आई गेल्यावर पहिल्यांदाच इथे परदेशात माझ्याकडे आलेत हो, आणि तिसऱ्या आठवड्यातच सुरू, "वृंदा, माझं परतीचं तिकीट अलीकडचं कर." मला रडूच यायचं! म्हणून हा उपद्व्याप. पोर्टलीशच्या पुढे सरकारी कुरणावर डेलेनी कुटुंबाचा दीडशे वर्षांचा गोठा जपून ठेवलाय. दगडी घर, चूल, बादल्या, सगळं तस्संच. बाबा म्हणतात, "हे बघायला लोक येतात? आमच्या पेशंटांकडे रोज बघत होतो." पेशंट म्हणजे म्हशी!

तेवढ्यात तिथला गाइड, पॉड्रिग नावाचा, एका तांबड्या गाईकडे बोट दाखवून म्हणतो, "शी इज ग्रँड! व्यायला अजून तीन आठवडे आहेत." झालं! बाबा ताठ. "त्याला सांग, आठवडे कसले? तीन दिवस!" आता मी कुठल्या तोंडाने सांगू? मी आपलं म्हटलं, "ही सेज, लव्हली काऊ." तर ध्रुव, "नो मम्मी, ही सेड थ्री डेज!" एरवी एक शब्द मराठी बोलेल तर शपथ, पण चहाडी करायला सगळं कळतं!

आणि बाबा कुठेत? दोरीखालून आत! मी ओरडतेय, "बाबा, बाहेर या, सरकारी आहे ते!"

"कुरण असेल सरकारी. गाय नसते."

शेपटीच्या मुळाशी हात ठेवला, मग पॉड्रिगचा हात धरून तिथेच टेकवला. "बघ, किती सैल पडलंय. व्यायलाच आलीय." चक्क मराठीत! पॉड्रिगने चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि मला म्हणतो, "युअर मॅन इज राइट!" युअर मॅन म्हणजे आमचे बाबा हो! मग जे हसत सुटले दोघं… मी बाहेर, पावसात. एवढी आले गाय बघायला, आणि गाय बघितलीच नाही हो. बाबांकडेच बघत बसले. दोन वर्षांनी हसताना दिसले… इतकं बरं वाटलं!

गाडीत बसल्याबसल्या म्हणतात, "तिकिटाचं राहू दे. पॉड्रिगने बुधवारी बोलावलंय." नेणार कोण? मीच! पुन्हा सव्वा तास, गाय बघायला! चेरीवूडच्या ऑफिसात रजा टाकली, कारण लिहिलं, 'गाय व्यायची आहे.' मॅनेजर शेतकऱ्याचा मुलगा, पाच मिनिटांत मंजूर! माझ्या बाळंतपणाच्या रजेला महिना लागला होता.