चौथ्या माळेचं बदक

हॅलो?… हॅलो… लंका का?… अगं मी, दादा!… गेणभाऊ, गेणभाऊ! तुझा सख्खा भाऊ!… हां… फुकेतवरून बोलतोय. थायलंड, थायलंड… ओरडू नको अशी. समुद्रापलीकडं असलो तरी फोन कानालाच लावलाय.

आरती झाली का?… घटाला पाणी घातलंस?… किती वर आलंय धान?… दोन बोटं? चौथ्या माळेलाच? वा… समई सांभाळ, वारं लागू देऊ नको. तू घट सांभाळतेस म्हणून सरू निघाली, न्हाईतर तुझी वहिनी नवरात्रात उंबरा ओलांडत नव्हती.

कोण आलंय?… रखमाजी? काय म्हणतोय?… त्याला सांग, रान विकून न्हाई गेलो म्हणावं. भरतच्या दुकानात खत लई खपलं म्हणून कंपनीनं दोन माणसांची सहल दिली. सूनबाईला दिवस गेलेत, तर म्हातारा-म्हातारी बसली विमानात… हां, सांग. पिंपळवंडीत घरोघरी सांग.

बरं, ऐक. काम हाय… अगं ऐक ना! सरू जेवत न्हाई.

न्हाई, आजारी न्हाई… म्हणजे, अजून तरी न्हाई… पहिल्या माळेचा उपवास धरला, ते ठीक. उठता-बसताच धरती ती. मधल्या दिवसांत साधं जेवायचं, कांदा-लसूण न्हाई, एवढंच. पण साधं इथं मिळायचं कुठं?… दशम्या? दुसऱ्याच दिवशी बुरशी आली. अशी दमट हवा, अंगातल्या सदऱ्याला कोंब फुटतील… लाडू मुंग्यांनी नेले. डबाच उचलला गं! मी मागं पळतोय, मुंग्या पुढं… बरं. बरं बाई, डबा न्हाई नेला. पण लाडू नेले, हे खरं.

तेव्हापासून केळं आन शहाळं. काल जिन्यात डोळ्यापुढं अंधारी आली तिच्या. कठडा धरला म्हणून वाचली… हो… म्हणून तर फोन केला. सहल संपायला अजून अवकाश हाय, लंका. म्हातारीला काय झालं तर भरतला तोंड कसं दाखवू?

हाटेलात? विचारलं की! बाईला म्हणलं, नो मीट. ती म्हणली, येस येस, नो मीट. भात आला. पिवळाधमक, वाफ निघतीय. सरूनं घास उचलला आन घासातनं शेपूट बाहेर!… झिंगा! आख्खा, मिशांसकट! बाईला दाखवला तर हसून म्हणती, नो मीट. त्यांच्यात झिंग्याला मीटमध्ये धरतच न्हाईत. आपण वांग्याला धरत न्हाई तसं… सरूनं घास खाल्ला नव्हता तरी धा चुळा भरल्या.

बाकीचे दुकानदार? त्यांना सगळं चालतं. ते गेलेत बेटावर. आमी दोघं आज रिक्षा करून जुन्या गावात आलो, केळी बघायला… रिक्षाच म्हणायची. टेम्पोला बाकं लावल्यात.

आन लंका, काय सांगू! सगळा रस्ता पिवळा! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळे झेंडे, त्यावर लाल अक्षरं. माणसं सगळी पांढऱ्या कपड्यांत. गाड्यांवर पातेली, धूर, वास… एक शिंपी भेटला. नेपाळी हाय, हिंदी येतं त्याला, त्याच्याच दुकानातला हा फोन. तो म्हणला, बाबूजी, जिथं पिवळा झेंडा तिथं सब वेज. नऊ दिवस ह्या लोकांत मांस-मच्छी बंद.

नऊ. नऊ दिवस, लंका!

हसू नको… अगं खरं… हो, आपल्यासारखंच. अमावास्या झाली की बसायचं. आज त्यांचीबी चौथीच. नऊ देव हायेत म्हणं त्यांचे. देवळापुढं ताडाएवढा खांब, त्यावर दिवे टांगलेले. सरूनं मोजले, मी न्हाई. नऊच भरले. नऊ दिवस विझू देत न्हाईत. सरू खाली उभी राहिली, वर बघितलं, पदर घेतला आन हात जोडले. माझ्या अंगावर काटा आला गं. इतक्या लांब, ना आपली भाषा, ना आपला देव, आन समई तीच.

काय म्हणलीस?… "थायलंडात घट बसवलेत का दादा, जरा कमी फेक"? बघ! बघ! तूबी तेच! सरूबी तेच म्हणती!

मग काय तर! ती म्हणती, तो शिंपी तुमीच पढवलाय. शिंपी बिचारा हात जोडून सांगतोय, "माताजी, सब वेज है," आन ती माझ्याकडं बघती. म्हणती, ज्या माणसानं उसातल्या बिबट्याला लुनावर मागं बसवून बेल्ह्याच्या बाजारात सोडलं, त्याचं ऐकून मी देवी बाटवू का?… अगं ती गोष्ट येगळी! ती तू सांगितलीस साऱ्या गावाला, मी फक्त तुला सांगितली व्हती!

न्हाई, तिचीबी चूक न्हाई. गाडीवर काय मांडलंय ते बघितलं तर तूबी पळशील… बदक. सालीसकट, तांबूस भाजलेलं, चरबी गळतीय. शेजारी मासा, खवल्यांसकट. खाली डुकराची पट्टी, लाल-पांढरी-लाल… थांब, थांब, किंचाळू नको! सगळं सोयाबीन हाय!… सो-या-बीन! आपण बाजार समितीत पोत्यानं घालतो ते! त्याचं ह्यांनी बदक केलंय! माशाला डोळा बसवलाय गं सोयाबीनचा, तो बघतोय माझ्याकडं! मी खाल्लं. एक तुकडा मोडून बघितला, आत हाड न्हाई, रक्त न्हाई, नुसते धागे. आपण जन्मभर सोयाबीनची गाडी भरली, त्याच्यात बदक दडलंय हे कुणाला ठाऊक?

आता तू एवढंच कर. मी तिला फोन देतो. तू सांग, वहिनी, खुशाल जेव… का?… "देवीचं पाप मी कशाला अंगावर घेऊ"?… लंका, ती तुझं ऐकती. माझं सोडून सगळ्या तालुक्याचं ऐकती… न्हाई? बरं… बरं, नको सांगू.

कुठं म्हणजे? समोरच बसलीय. शिंप्याच्या पायरीवर. नऊवारी बघून गोरे फोटो काढतायत तिचे. ती तोंड फिरवून शहाळं पितीय… मी? मी गाडीवरच बसलोय, जेवतोय. बिनवायरचा फोन हाय, शिंपी म्हणला रस्त्याच्या अलीकडं-पलीकडं चालतो… अगं तिनं उपास केला म्हणून मी मरू का? मी कुठं धरलंय नवरात्र! गाडीवाली बाई तर अशी मायाळू, हुबेहूब कळंबची साळुबाई. तोच अंबाडा, तोच आवाज. मी साळुबाईच म्हणतो तिला. ताट भरून वाढलंय. फक्त जरा मिळमिळीत हाय. थांब हां, तोंडी लावायला…

…हं. बोल.

आवाज? कसला आवाज?… हां, तो. बुक्की मारली. कांदा फोडला… आपलाच गं, बराखीत साठवलेला. धोतराच्या घडीत तीन आणलेत… हळू बोल! नवरात्रात कांदा, नवरात्रात कांदा… सरू न्हाई बघत. तिकडं तोंड हाय तिचं. आन मी काय देव्हाऱ्यात बसून खातोय का, इथं परमुलखात कोण…

थांब.

थांब लंका… साळुबाई आली… अगं ही वराडतीय का?… ओ बाई! ओ! माझं ताट! माझं बदक!… लंका, तिनं ताट ओढलं! ओतून टाकलं सगळं!… कांदा चिमट्यानं उचलला, चिमट्यानं! विंचू धरावा तसा! फेकला गटारात!… अगं सगळी पंगत उठली! एक म्हातारा हात जोडतोय, कुणाला ते देव जाणे… टेबल धुतायत. बादली आणली… सॉरी, सॉरी बाई!… लंका, एका कांद्यानं गाव उठवलं गं! आपण ट्रकनं पाठवतो कांदा, कुणी हुं का चूं करत न्हाई!

आला, शिंपी आला पळत… काय म्हणतोस?… कांदा?… लसूणपण?… नौ दिन?… अरे मग सकाळीच का न्हाई बोललास भल्या माणसा!

ऐकलंस? कांदा-लसूण बंद हाय त्यांच्यात. नुसता वास आला तरी गाडी बाटती. सगळी भांडी नवरात्रासाठी येगळी काढल्यात… हो गं! हो! आपल्यासारखंच! तेच तर मी मघापासून… 

अरे देवा. सरू उठली.

येतीय. इकडंच येतीय… कांदा बघितला वाटतं तिनं. संपलं. आता मला पोहत यावं लागणार घरी… माझ्याकडं… न्हाई, माझ्याकडं बघतच न्हाई. सरळ साळुबाईकडं गेली.

…

हाय, हाय, इथंच हाय. बघतोय… सरूनं कानाला हात लावला. माझ्याकडं बोट दाखवलं, आन कपाळावर हात मारून घेतला… ती साळुबाईबी… अगं तिनंबी मारला कपाळावर! तिचाबी असाच असंल घरी एक! हसतायत दोघी… भाषा? कुणाला पाहिजे भाषा, माझी निंदा चाललीय, त्याला भाषा लागत न्हाई.

आता सरूनं बोटं वर केली. नऊ… एक अंगठा मुडपून नऊ… आन तिनं… लंका, तिनंबी नऊ केली. तसाच अंगठा मुडपून.

बोलू नको जरा.

…बसली. सरू बाकावर बसली. साळुबाईनं तिच्यापुढं बदक ठेवलं… पोटातनं मोडून दाखवतीय… हां, दाखव, दाखव बाई, तुझंच खरं मानंल ती… कोपऱ्यात त्यांचा देव्हारा हाय, उदबत्ती लावलेला. सरूनं एक घास काढून त्याच्यापुढं ठेवला. नैवेद्य… न्हाई, साळुबाई काय म्हणत न्हाई. बाजूला सरकून जागा दिली तिनं.

खाल्ला. पहिला घास खाल्ला गं.

न्हाई, मी रडतोय कुठं? फोडणीचा धूर हाय… दुसरा. तिसरा. भातबी घेतला… मला? मला कोण देतंय! माझा स्टूलबी उचलला. मी रस्त्यात उभा हाय. मी पुढं सरकलो की साळुबाई पळी उगारती. राहू दे. ती जेवतीय ना.

विश्वास न्हाई बसत? मग बोल तिच्याशी. हात भरलेत, मी धरतो तिच्या कानाला… ओ बाई, पळी खाली, नुसता फोन हाय!… सरू, घे, लंका हाय. खा, खा, खाता खाता बोल…

…हं, मी. तिच्या तोंडात घास, मला काय कळलं न्हाई. काय म्हणली?… "सोयाबीनचंच हाय"? मग? मी काय म्हणत व्हतो!… आन काय म्हणली?… "तुझा दादा पहिल्यांदा खरं बोलला"? असं म्हणली? शिंप्यापुढं?… लंका, हे बाहेर काढू नको हां. रखमाजी गेला का?… बसलाय? ऐकतोय?… अगं मग बोंबललं सगळं! मी खरं बोललो हे कळलं तर पारावर कोण बसवंल मला? त्याला सांग, बदकानं उठून अंडं दिलं म्हणावं. सांग लगेच!

काय?… ते फटाके. मिरवणूक हाय म्हणं देवाची. लांब हाय अजून… न्हाई, जवळच आली वाटतं. लई धूर झालाय. काही दिसत न्हाई… पालखी हाय. चार जणांच्या खांद्यावर, पळत येतायत, फटाके अंगावर फुटतायत तरी डोळा मिटत न्हाईत… साळुबाईनं हात जोडले. सरूबी उभी राहिली, उष्ट्या हातानं… पालखीपुढं एक माणूस चालतोय. तरणा हाय. डुलतोय, अंगात आल्यासारखा. त्याच्या…

…

लंका.

…

हाय मी. हाय. फोन कट न्हाई झाला… अगं कसं सांगू? त्याच्या गालातनं… म्हणजे ह्या गालातनं आत, त्या गालातनं बाहेर, आरपार एक लोखंडी… न्हाई. न्हाई, जाऊ दे… दुखतंय असं वाटतच न्हाई गं तोंडावर. समोरून गेला. माझ्याकडं बघून गेला. रक्ताचा थेंब न्हाई…

काय व्हतं गालातनं? न्हाई, हे मी न्हाई सांगणार… रुसलो न्हाई गं. देवीशप्पथ न्हाई रुसलो. पण माझ्या तोंडातनं गेलं तर ते खोटं व्हईल. आन हे खोटं व्हायला नको.

सरू… ए सरू! ये इकडं. हात राहू दे तसाच… हे घे, धर. लंका हाय. आत्ता काय बघितलंस ते सांग तिला.

तू सांग.