तराजू घरात असेपर्यंत

नाई पोरी, तो तराजू पिशवीतच राहू दे. काढू नको. — बस ना, पाणी घे. हो, मीच अनुसयाबाई, नाव बरोबर आहे तुझ्या कागदावर. तीन दिवस आमचं अन्न तोलणार, कोण किती जेवलं ते लिहिणार, त्याच्या कॅलरी काढणार — माहीत आहे मले. मॅट्रिकपर्यंत शिकली मी देवळीले. आणि हे सारं एकदा होऊन गेलं या घरात, याच चुलीपुढे. सत्त्याहत्तर साली — पाच वर्षं झाली. तेव्हा शरयू म्हणून पोरगी आलती, नागपूरच्या कॉलेजातली. खांद्यावर अशीच पिशवी. चांगली होती बिचारी. तिचं काहीच चुकलं नाई — तरी मी पाच वर्षं तिलेच शिव्या देऊन राह्यली, ते सोड.

मीच विचारलं तिले, कॅलरी म्हणजे काय ते नीट सांग, शाळेत शिकली ते पाण्याचं होतं, खाण्याचं कुठं होतं? तर तिनं काय केलं — एक शेंगदाणा सुईवर टोचला अन् काडी लावली. वर काचेच्या नळीत पाणी धरलं. एवढासा दाणा, पण जळतच राह्यला, जळतच राह्यला — पाणी असं कढत झालं की बोट टेकवेना. म्हणे, मावशी, एक लिटर पाणी एक डिग्री तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खाण्यातली एक कॅलरी. अन्न पोटात असंच जळतं, फक्त जाळ दिसत नाही. त्याच्यावरच चालणं, निंदणं, अंगाची ऊब, सारं. माझी सून जयवंता दारात उभी होती, सातवा लागला होता तिले. ती हसली. म्हणे, आत्याबाई, एवढ्याशा दाण्यात चूल आहे माय!

आता तूच सांग — पाहुणी पोरगी तीन दिवस घरात बसलेली, ताटाताटाचं वजन करून राह्यली, तर मी काय कण्या शिजवू? रोजचं आमचं काय, भाकर, अंबाडीची भाजी, पातळ वरण, अन् बाप्ये माणसं उठली की उरलं ते आम्हाले. पण पाहुण्यापुढे ते ठेवते का कोणी? तुझी आई ठेवेल? — पाहा, हसली तू. मी डब्यातली सारी तुरीची डाळ काढली, घट्ट वरण केलं, गव्हाच्या पोळ्या लाटल्या, शेजारच्या वच्छलाबाईकडून वाटीभर तूप आणलं. जयवंतेचं ताट तर शिगोशीग भरलं. सुनेचं ताट कमी दिसलं तर नाव कोणाचं जाते? सासूचंच ना? खाय म्हटलं, लाजू नको, सारं खाय. तीनही दिवस खाल्लं तिनं. शरयू तोलत गेली, लिहीत गेली — दोन हजार चारशे, दोन हजार पाचशे.

महिन्यानं पंचायतीत यादी लागली. ज्या गरोदर बायांच्या कॅलरी कमी भरल्या, त्यांना सरकारी खाऊ, रोज सुकडी. जयवंतेचं नाव नाई. मी गेली भांडाले, तर तिथला बाबू म्हणे, तुमचं घर खातंपितं आहे बाई, हा पाहा कागद. अन् कागद खोटा कुठं होता? तेच तर. वच्छलाबाई भर विहिरीवर म्हणे, माझ्या तुपानं तुझ्या सुनेचं नाव खोडलं व! साऱ्या बाया हसल्या. मीही हसली.

तीन दिवसांत पंधरा दिवसांची डाळ गेली. मग ते पंधरा दिवस भरायचे कुठून? माझ्या लेकाच्या, श्रावणच्या ताटातून? दिवसभर वखर हाकणाऱ्याच्या? — तिच्याच ताटातून. अन् जुन्या बाया सांगतच होत्या, सातव्यानंतर बाईनं कमी खावं, पोर मोठं झालं तर अडते. मी शिकलेली, पण तेच धरलं. सोयीचं होतं. शरयूची बस गेली ना, त्याच दिवशी संध्याकाळी जयवंतेनं आणखी एका भाकरीकडे हात नेला. मी म्हटलं — हसूनच म्हटलं, शप्पथ — "तराजू गेला आता." तिनं हात मागे घेतला. बस, एवढंच. — हे कोणाले सांगतलं नव्हतं मी. तू काऊन लिहून राह्यली? खोड ते. ... राहू दे. राहू दे तसंच.

पोरगी झाली. मांजरीच्या पिलाएवढी, अन् थंडगार. आमच्याइथं कापसाले काय तोटा — कापसात गुंडाळली, शेगडी ठेवली, फडकी तव्यावर तापवून तापवून लावली. अंग जरा कोमट व्हायचं की लगेच गार. बाहेरून दिलेली ऊब टिकतच नव्हती तिच्यात. दोन दिवस. मले सारखा तो सुईवरचा दाणा दिसे. एवढासा दाणा पाणी कढत करते, मग त्या एका भाकरीत किती — नको, तो कॅलरीचा तक्ता काढू नको. मले ऐकायचं नाई.

जयवंता आजही ताटात दुसरी भाकर घेत नाई, मी वाढली तरी झाकून ठेवते.

आता पाच वर्षांनी दिवस राह्यले तिले. पुन्हा सातवा आहे. यंदाही यादी लागणार ना? मग ऐक. आज तू जेवाले बसली तर मी पोळ्या लाटीन, वाटी घेऊन वच्छलाबाईच्या दारात जाईन — माझे हात ऐकणार नाईत, पाहा, आत्ताच डब्याकडे चालले. तर आज तोलू नको. उद्याही नको. मग कधीही न सांगता ये. दुपारी दोनला, बाप्ये माणसं जेवून उठली की. आवाज देऊ नको, सरळ आत ये, तिच्या ताटात असेल तेवढंच तोल. मी रागावीन, तुले बाहेर काढीन, काहीबाही बोलीन — ऐकू नको माझं. लिही.

या घरातून आजवर पाहुणा उपाशी गेला नाई, पोरी. तू पहिली. ऊठ आता. जाय — ती येऊन राह्यली.