गच्चीवरची अमेरिका आणि चीन

काय सांगू गा, मागच्या मे महिन्यात आमच्या कॉलेजच्या गच्चीवर नागपूरचं ऊन मोजाले दोन शास्त्रज्ञ आले होते, अमेरिकेचे माइक आणि चीनच्या लिनबाई. काम एकत्र करायचं, पण आपल्या यंत्राबद्दल समोरच्याशी एक शब्द बोलायचा नाही, असा दोघांलेही आपापल्या देशातून हुकूम. म्हणून इकडचा निरोप तिकडे द्याले मधात मी.

भर दुपारी माइकचं यंत्र तापून बंद पडलं. सगळी मोजणी वाया जाणार म्हणून त्याचा चेहराच उतरला.

"तिले विचार, यंत्र तापलं तर ते लोक काय करतात?" तो मले म्हणाला. लिनबाई हातभर अंतरावर उभ्या, इंग्रजी त्यांलेही येते. तरी मी तेच वाक्य इंग्रजीतच पुन्हा म्हटलं.

"त्याले सांग, मले बोलाची परवानगी नाही."

मी ताक आणाले खाली गेलो. वर येतो तर माइकचं यंत्र सुरू! त्याच्या डब्याले ओला टॉवेल गुंडाळलेला. मी घाबरलो. "बाई, तुम्ही काहून बोलल्या त्याच्याशी?"

"मी कुठं बोलली? मी माझ्या यंत्राले समजावून राहिली होती, की बाबा, तापलास तर ओला टॉवेल गुंडाळीन. आता माझा आवाजच मोठा आहे, त्याले मी काय करू?"