भोकांतलं ऊन

"निखिलची बायको भुतासारखी बसते रे. आहे की नाही, कळतच नाही."

मंदारदादा माझ्या मागेच कुणाला तरी सांगत होते. माझ्या कानांवर गोळ्यांचा आवाज अडवणारे मफ होते, पण एका बाजूचा सरकला होता.

प्लेनो शहराबाहेरच्या शूटिंग रेंजवर पिस्तुलाची मॅच होती. एकाचं शूटिंग झालं की बाकीच्यांनी आत जाऊन पुठ्ठ्याच्या टार्गेटवरची भोकं चिकटपट्टीने बुजवायची आणि सगळे बाहेर आले की पुढच्याने पिस्तूल भरायचं, अशी तिथली पद्धत.

पाळी माझ्या नवऱ्याची, निखिलची होती. "आत कुणी आहे का?" रेंज ऑफिसर ओरडला. उत्तर आलं नाही. निखिलने पिस्तूल भरून कमरेला लावलं.

वारा पडला होता. लाकडी भिंतीवरून अर्धंच डोकावणाऱ्या शेवटच्या टार्गेटची भोकं बुजवायची राहिली होती आणि त्यांतून मागचं ऊन चमकत होतं. मी बघत असतानाच एका भोकातलं ऊन विझलं. मग शेजारच्यातलं. मग पहिलं पुन्हा पेटलं.

"स्टँड बाय," ऑफिसर म्हणाला. आता इशारा वाजला की गोळ्या सुटणार.

"स्टॉप!" लग्नात उखाणासुद्धा मी एवढ्या मोठ्याने घेतला नव्हता.

निखिलचा हात पिस्तुलाजवळच थांबला. भिंतीमागून मंदारदादा बाहेर आले. कानांत आवाज अडवणारे बोळे, हातात भिंतीमागे पडलेली आणि शोधून काढलेली चिकटपट्टी.

"काय झालं रे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काही नाही, मंदारदादा," मी म्हणाले, "मघाशी मला भूत म्हणालात ना, ते तुम्हीच होता होता राहिलात."