सुयशनं फोन लावला

मंडळी, मला एक सांगा — जिवाला घोर लागला, की माणसानं कुणाचा आधार घ्यावा? देवाचा? मित्राचा? की दोन बोटांत मावणाऱ्या सिगारेटचा? मागे बसलेल्या तरुण मंडळींनी हसू नये — खिसे तपासले जातील!

तर ऐका. कराडच्या एका कॉलेजात सुयश नावाचा मुलगा इंजिनिअरिंग शिकत होता. पाटणकडचा, वडिलांची — आबांची — पिठाची गिरणी. नाव सुयश — आणि गणितात नापास! नाव ठेवणाऱ्या आत्याचा काय दोष? तिला कुठं ठाऊक, पुढं इंजिनिअरिंगचं गणित येणार आहे!

नापास झाल्याचं त्यानं घरी सांगितलं नाही. फेरपरीक्षा जवळ आली तशी छातीत धडधड, अन्न गोड लागेना. कुणीतरी टपरीवर नेलं, म्हणालं, एक झुरका मार, टेन्शन जातं. गेलं की! पण किती वेळ? सिगारेट विझेपर्यंत. मग दुसरी, तिसरी. टेन्शन होतं तिथंच — वर खोकला मुक्कामाला आला!

खोलीत सोबतीला अल्ताफ होता. त्यानं उपदेश केला नाही — त्यासाठी आम्ही कीर्तनकार आहोत! तो एवढंच म्हणाला, की तलफ आली की मला सांग, आपण आगाशिवचा डोंगर चढू. पहिल्याच दिवशी अर्ध्या वाटेत सुयशला धाप लागली. दगडावर बसला, आणि एकदम रडूच फुटलं.

"मला भीती वाटते रे. पुन्हा राहिलो, तर घरी तोंड कसं दाखवू?"

अल्ताफ शेजारी टेकला. "मलाही वाटते," म्हणाला. "रोज."

मंडळी, वर्गात पहिला येणारा पोरगा हा! सुयश त्याच्याकडे बघतच राहिला. आपण एकटे नाही, हे कळल्यावर निम्मं ओझं तिथंच उतरलं. मग तलफ आली की दोघं चालायचे, बोलायचे, कधी बॅडमिंटन खेळायचे. अडलेलं गणित मिळून सोडवायचे. सिगारेट लगेच सुटली का? छे! घसरला, सावरला, पुन्हा घसरला.

निकाल लागला. तुम्हाला वाटलं, पास झाला? नाही हो — थोडक्यात हुकला. अल्ताफ प्रयोगशाळेत. अडवणारं कुणी नाही. पाय टपरीकडे वळले. टपरीसमोर तो उभा राहिला, खिशात हात घातला — आणि वडिलांना फोन लावला. गणित, सिगारेट, सगळं सांगून टाकलं.

पलीकडे गिरणी चालू होती. ती बंद झाली.

"विषय राहिला ना? राहू दे," आबा म्हणाले. "तू बरा आहेस ना?"

सुयश आल्या पावली माघारी फिरला. पुढं विषयही सुटला, सिगारेटही सुटली.

आता आई-बापहो, उद्या लेकराचा फोन आला, तर तुमचा पहिला प्रश्न कोणता असेल? गुण किती पडले, हा? मग ते फोन करील कशाला?

आणि पोरांनो, घोर लागल्यावर ज्याच्यापाशी रडता येईल, असं एक माणूस आत्ता मनात आणा. आणलंत? मग त्याच्या शेजारीच देवाला बसवा, आणि घ्या नाव — विठ्ठल, विठ्ठल!